पासष्ट इंची टीव्हीवरची हिरवी रेघ : दुकानापासून ग्राहक आयोगापर्यंत

गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही पासष्ट इंची ओलेड टीव्ही घेतला. जानेवारीत त्याच्या पडद्यावर उभी हिरवी रेघ आली, कंपनीने वॉरंटी नाकारली, आणि मार्चमध्ये त्याच कंपनीने एक रुपयाही न घेता नवा पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा अख्खा पडदा, बसवून दिला. मधल्या दोन महिन्यांत मी ग्राहक हेल्पलाइन, नोटीस, ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार करायचं ई-जागृती पोर्टल हे सगळं पहिल्यांदाच पाहिलं. अशी वेळ आली की माणूस आधी घाबरतो आणि मग कंटाळून सोडून देतो. तसं कुणाचं होऊ नये म्हणून तारखा, खर्च आणि कागदपत्रांसह लिहिते आहे. कंपनीचं आणि दुकानाचं नाव देत नाही. आमच्यात समझोता झाला आहे आणि पद्धत सगळीकडे सारखीच लागू पडते.

एवढा महाग टीव्ही का, हे आधी सांगते, कारण त्यावरच निवड ठरली. माझे वडील, आप्पा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. वयामुळे होणारं मॅक्युलर डीजनरेशन दोन्ही डोळ्यांत आहे. यात नजरेचा मधला भाग धूसर होतो, कडेचं दिसतं. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही, पण दारातून कोण आलं ते कळतं. पेपर वाचणं बंद झालं. क्रिकेट मात्र त्यांना सोडायचं नव्हतं. जुन्या बत्तीस इंची टीव्हीवर चेंडू तर सोडाच, फलंदाज कुठला तेही कळेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, चित्र मोठं करा, उठाव जास्त असू द्या आणि जवळून बघू द्या. टीव्ही जवळून पाहिल्याने डोळे बिघडत नाहीत. या आजाराची माणसं हळूहळू मान किंचित वळवून कडेच्या नजरेने बघायला शिकतात, तीही सवय त्यांना लागू द्या, असं म्हणाल्या.

सप्टेंबरमध्ये शोध सुरू केला. विकत घेणाऱ्यांचे अभिप्राय मी रात्र रात्र वाचले. त्यातले बहुतेक टीव्ही घरी आल्याच्या दिवशीच लिहिलेले असतात: डिलिव्हरी वेळेवर झाली, चित्र सुंदर आहे, पाच तारे. त्यातून टीव्हीबद्दल काहीच कळत नाही. मग मी तारीख बघून वाचायला लागले. घेऊन सहा महिने, वर्ष झालेल्यांचे, आणि त्यातही एक तारा दिलेले. त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती: चित्राबद्दल तक्रार फारशी नाही, तक्रार सर्व्हिसची. आपल्या शहरात कंपनीचं स्वतःचं सर्व्हिस सेंटर आहे का, हे बघणं चित्र बघण्याइतकंच महत्त्वाचं आहे. आम्ही नाशिकला राहतो, इथे बहुतेक मोठ्या कंपन्यांची केंद्रं आहेत. तालुक्याच्या गावी असाल तर हा प्रश्न दुकानात पहिल्यांदा विचारा.

खरा उपयोग झाला तो सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा. मोठा टीव्ही कुणाकडे आहे असं विचारलं, तर तीन घरांतून बोलावणं आलं. एका काकांकडे मिनी एलईडी होता, म्हणजे पडद्यामागे खूप बारीक दिवे असलेला. भर दुपारी खिडक्या उघड्या असतानाही चित्र लख्ख, पण सोफ्याच्या कडेला बसलं की रंग फिके पडत. दुसरीकडे ओलेड होता. त्यात प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा बारीक ठिपका, स्वतःच उजळतो, मागे वेगळा दिवा नसतो, म्हणून काळा रंग पूर्ण काळा दिसतो आणि कडेला बसलं तरी चित्र तसंच राहतं. आप्पांना मी तिथे घेऊन गेले. ते मान वळवून, अगदी चार-पाच फुटांवर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "अगं, हा डावखुरा आहे ना?" तिथेच ओलेड ठरला. त्या घरच्या ताईंनी त्याचे तोटेही प्रामाणिकपणे सांगितले: दुपारी पडदे ओढावे लागतात, आणि एकच वृत्तवाहिनी दिवसभर लावून ठेवली तर खालच्या पट्टीचा डाग पडद्यावर कायमचा उमटू शकतो.

माप ठरवायला वर्तमानपत्रं चिकटवून भिंतीवर चौकट केली. पासष्ट इंच म्हणजे पडदा साधारण १४४ सेंटीमीटर रुंद आणि ८१ सेंटीमीटर उंच. कागदावर हा आकडा लहान वाटतो, हॉलमध्ये भिंत भरून जाते. सत्त्याहत्तर इंचीचा मोह झाला होता, पण आप्पा चार फुटांवर बसले की त्यांना पडदाभर मान फिरवावी लागली असती.

३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे आम्ही महिनाभर थांबलो. किंमत दहा टक्क्यांनी उतरेल असं सगळे म्हणत होते, पण हिशेब तसा नसतो. करासह १२८ रुपयांची वस्तू ११८ ला येते, म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. १,८९,९९० चा टीव्ही आम्हाला १,७४,९९० ला मिळाला. बँकेच्या कार्डावर ७,५०० आणि जुन्या टीव्हीचे २,००० वजा होऊन १,६५,४९० रुपये पडले. बिनव्याजी म्हणतात ते सहा हप्ते केले. त्यात व्याज दुकानदार किंवा कंपनी सोसते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी आपल्याच माथी येते. ती आधी विचारून घ्या. वाढीव वॉरंटीसाठी दुकानातला मुलगा फार मागे लागला होता. ती कंपनीची आहे की दुसऱ्याच कुणाची, असं विचारल्यावर दुसऱ्याची निघाली. कंपनीची स्वतःची वाढीव वॉरंटी पहिलं वर्ष संपेपर्यंत घेता येते असं कंपनीच्या हेल्पलाइनवर कळलं, म्हणून तेव्हा घेतली नाही.

बिल ४ ऑक्टोबरचं. ते घेताना टीव्हीचा सिरियल नंबर बिलावर छापून आला आहे का, ते पाहिलं. आमच्या बिलावर नव्हता. दुकानदाराकडून हाताने लिहून, सही-शिक्का घेतला. या एका ओळीचं मोल जानेवारीत कळलं.

७ ऑक्टोबरला खोका आला. लिफ्टमध्ये तो उभा बसेना, म्हणून जिन्याने चौथ्या मजल्यावर चढवला. मोठा पॅनल कधीही आडवा, सपाट न्यायचा नसतो, मधोमध ताण येतो. आणणाऱ्यांना हे माहीत होतं, तरी मी बरोबर चालले आणि फोनवर चित्रीकरण केलं. खोका फोडायचा नाही, कंपनीचा माणूसच फोडेल, असं बिलामागे लिहिलेलं असतं. ते पाळा.

९ तारखेला बसवणारे दोघे आले. बसवणं फुकट, भिंतीच्या ब्रॅकेटचे १,९०० रुपये. आमच्या इमारतीच्या आतल्या भिंती सिपोरेक्सच्या ब्लॉकच्या आहेत, म्हणजे हलक्या, सच्छिद्र. त्यात साधा प्लॅस्टिकचा गट्टू धरत नाही, काही दिवसांत सैल होतो. त्यांच्याकडे साधेच गट्टू होते. मी त्यांना थांबवून हार्डवेअरच्या दुकानातून लांब फास्टनर आणवले, ३२० रुपयांचे. नव्या इमारतीत राहत असाल तर आपली भिंत कशाची आहे हे आधी बिल्डरकडून किंवा सोसायटीतून माहीत करून घ्या. उंचीबद्दलही ठाम राहिले. बसवणारे सवयीने टीव्ही वर टांगतात. बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत पडद्याचा मध्य आला पाहिजे, आप्पांच्या खुर्चीवर तो जमिनीपासून साडेतीन फुटांवर आला.

टीव्ही सुरू झाल्यावर मी पांढरी, लाल, हिरवी, निळी आणि करडी अशा एकरंगी पाट्या यूट्यूबवरून लावून पडदा तपासला आणि पूर्ण चित्रीकरण केलं. त्यात बसवणाऱ्यांचे आवाज आहेत, तारीख आहे, पडद्यावर ओरखडा नाही, रेघ नाही. दहा मिनिटांचं काम आहे.

सुरुवातीच्या मांडणीबद्दल थोडंसं. पहिल्यांदा चालू करताना टीव्ही एकामागून एक संमती मागतो. त्यातल्या आवश्यक तेवढ्याच दिल्या. आपण काय बघतो ते ओळखून जाहिरातीसाठी माहिती पाठवणारी संमती नाकारता येते आणि टीव्ही तरीही नीट चालतो. दुकानात दिसणारा भडक मोड बंद करून सिनेमासाठी फिल्ममेकर मोड ठेवला, त्यात चित्र मूळ सिनेमासारखं दिसतं. आप्पांच्या क्रिकेटसाठी वेगळा, जास्त उजळ मोड केला, त्यात वीजबचत बंद केली, कारण तिने चित्र मंद होतं. सबटायटलचा आकार सर्वांत मोठा आणि मागे काळी पट्टी, हेही सेटिंगमध्ये करता येतं. दृष्टी कमी असलेल्यांसाठीच्या या सोयी अॅक्सेसिबिलिटी नावाच्या विभागात असतात. आमच्या घरी टीव्ही आणण्यामागचं अर्धं कारण तिथे होतं.

आईला टीव्ही बंद केला की भिंतीवरचं मेन बटणही बंद करायची पन्नास वर्षांची सवय. ओलेडला ते चालत नाही. काही तासांच्या वापरानंतर टीव्ही स्टँडबायवर असताना स्वतःच पिक्सेलची समतोल-दुरुस्ती करतो, त्यासाठी त्याला वीज लागते. आईला हे समजावल्यावर तिने बटणावर "बंद करू नये" असा कागद लावला. विजा कडाडत असतील तेव्हा मात्र प्लग काढायचा, त्या कागदाखाली तिनेच ते लिहिलं. विजेचा दाब अचानक वाढला तर टीव्ही वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर १,४०० रुपयांना घेतला.

चित्राबद्दल माझं मत: चांगल्या चित्रफितीला हा टीव्ही डोळे दिपवतो, साध्या चॅनेलला उघडं पाडतो. सेट-टॉप बॉक्सवरचे साधे मराठी चॅनेल एवढ्या मोठ्या पडद्यावर पुसट, ठिपक्याठिपक्यांचे दिसतात. एचडी पॅक घेतल्यावरच मालिका बघवल्या. ओटीटीवर ४के, म्हणजे एचडीहूनही बारकाव्याचं चित्र, हवं असेल तर प्लॅनही वरचा लागतो, नेटफ्लिक्सचा सर्वांत वरचा प्लॅन महिना ६४९ रुपये आहे, आणि ती कंपनी त्यासाठी १५ एमबीपीएसचा वेग लागेल असं सांगते. हा खर्च टीव्हीच्या किमतीत धरायला हवा.

२ नोव्हेंबरला नवी मुंबईत महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं. आप्पांनी तो पहिल्या चेंडूपासून मध्यरात्रीपर्यंत पाहिला. शफालीचे फटके त्यांना दिसले. कोपऱ्यातला धावफलक आजही त्यांना वाचता येत नाही, तो आम्ही वाचून दाखवतो, पण मैदान दिसतं.

शनिवारी, १७ जानेवारीला संध्याकाळी पडद्याच्या डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक केसाएवढी हिरवी रेघ दिसली. आप्पांना ती दिसत नव्हती, मला दिसली. त्याच क्षणी एकरंगी पाट्या लावून फोटो काढले. पांढऱ्यावर हिरवी, काळ्यावरही हिरवी. बॉर्डर, काच, कडा सगळं टॉर्च तिरका धरून टिपलं. ७ फेब्रुवारीला टी-ट्वेंटी विश्वचषक सुरू होणार होता आणि माझ्या पोटात गोळा आला.

१८ तारखेला हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर आला. प्लग काढून ठेवा, सॉफ्टवेअर अपडेट करा, फॅक्टरी रीसेट करा, हे त्यांनी सांगितलं ते सगळं केलं. रेघ तिथेच. २१ ला तंत्रज्ञ आला. दिसायला शांत, कामाला नीट मुलगा. त्याने फोटो काढले, वर पाठवतो म्हणाला. २४ ला फोन आला: "मॅडम, बाहेरून दाब पडलाय, फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही. पॅनलचे १,२८,००० होतील."

हा आकडा ऐकल्यावर मी गप्प झाले. महाग टीव्हीचा पॅनल म्हणजे जवळजवळ टीव्हीच, हे तोवर मी फक्त वाचलेलं होतं. नवरा म्हणाला, राहू दे, रेघेसकट बघू. आप्पांना तर रेघ दिसतच नव्हती. पण दोन-तीन महिन्यांत एकाच्या पाच रेघा होतात हे मी इतर मालकांच्या अनुभवांत वाचलं होतं, आणि कुणी दाब दिला नव्हता हे मला पक्कं माहीत होतं.

इथून पुढचं ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांनी सावकाश वाचा.

पहिलं काम जॉबशीट, म्हणजे तंत्रज्ञाच्या तपासणीची लेखी नोंद, मिळवणं. फोनवर दिलेल्या नकाराला काही किंमत नसते. मी सर्व्हिस सेंटरला जाऊन म्हटलं, नकाराचं कारण लेखी द्या. काउंटरवरचे दादा म्हणाले, सिस्टीममध्ये आहे. मी म्हटलं, मग प्रिंट द्या. बरंच थांबल्यावर मिळाली. त्यावर "बाह्य दाबामुळे नुकसान" असं होतं, पण दाबाची खूण कुठे आहे त्याचा रकाना कोरा होता. याच कोऱ्या रकान्यावर पुढे सगळं उभं राहिलं. टीव्ही दुरुस्तीत आयुष्य घालवलेल्या ओळखीच्या एका काकांना मी फोटो दाखवले. त्यांनी समजावलं: बाहेरून मार बसला तर एका बिंदूपासून जाळ्यासारख्या चिरा किंवा काळा डाग पसरतो. कडेपासून कडेपर्यंत सरळ उभी रेघ बहुतेक वेळा पॅनलच्या कडेला चिकटवलेल्या पातळ पट्ट्यांच्या जोडातल्या बिघाडाने येते. ते लिहून देऊ शकत नव्हते, पण मुद्दा कसा मांडायचा ते मला कळलं.

२५ जानेवारीला कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. त्याचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर तळाला असतो. बिल, बसवण्याच्या दिवसाचं चित्रीकरण, रेघेचे फोटो आणि जॉबशीट जोडली. चिडून काही लिहिलं नाही. एकच विचारलं: दाबाची खूण कोणत्या ठिकाणी आहे, ते फोटोवर दाखवा. ठरावीक साच्याचं उत्तर आलं. तुम्ही ऑनलाइन घेतलं असेल तर लक्षात ठेवा, ई-कॉमर्सच्या नियमांनुसार विकणाऱ्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते.

२७ तारखेला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. मराठीत बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी नीट ऐकून घेतलं, तक्रार क्रमांकाचा मेसेज आला, कागदपत्रं पोर्टलवर चढवली. ही हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे. ती तक्रार थेट कंपनीकडे पोचवते आणि उत्तर मागते, कंपनीवर ते बंधनकारक नसतं. पैसे लागत नाहीत आणि पुढे ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या न्यायालयात, गेल्यावर आपण आधी प्रयत्न केला होता याचा पुरावा राहतो. ६ फेब्रुवारीला कंपनीचं उत्तर आलं: बाह्य नुकसान, सशुल्क दुरुस्तीला तयार. दुसऱ्या दिवशी विश्वचषक सुरू झाला. आप्पा रेघेच्या पडद्यावर सामने बघत होते आणि महिनाअखेर रेघा तीन झाल्या.

९ फेब्रुवारीला नोटीस पाठवली. ग्राहक तक्रारीआधी नोटीस देणं कायद्याने सक्तीचं नाही, वकीलही लागत नाही. दीड पानात मी तारखांनुसार घडलेलं लिहिलं, मागणी लिहिली, पंधरा दिवसांची मुदत दिली. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, त्यामुळे स्पीड पोस्टाने कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय आणि दुकान अशा दोन ठिकाणी पाठवली आणि पोचल्याची नोंद छापून ठेवली. दुकानदार बिचारा भला माणूस, त्याने फोन करून "ताई, मला कशाला?" असं विचारलं. विकणाऱ्यालाही पक्षकार करतात, तुमच्याविरुद्ध माझा राग नाही, असं त्यांना सांगितलं. त्यांनी उलट त्यांच्याकडची डिलिव्हरीची नोंद मला दिली.

मुदत संपली, उत्तर नाही. २६ फेब्रुवारीला ई-जागृतीवर तक्रार दाखल केली. पूर्वी यासाठी ई-दाखिल होतं, १ जानेवारी २०२५ पासून सगळं ई-जागृतीवर आलं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीच्या शहरात जावं लागत नाही. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. मी तक्रार मराठीतच लिहिली. लागलं ते असं: तक्रार अर्ज, शपथपत्र, पक्षकारांचे पत्ते, तारखांची यादी आणि पुराव्यांचं बाड अनुक्रमणिकेसह. शपथपत्राच्या नोटरीला १५० रुपये दिले, छपाई-झेरॉक्सला २८०, स्पीड पोस्टाचा खर्च त्याहून कमी. फायली चढवताना पोर्टल मध्येच थांबायचं, भल्या सकाळी काम सुरळीत झालं.

२ मार्चला त्रुटी निघाली: पानांना सलग क्रमांक नाहीत आणि जॉबशीटची प्रत पुसट आहे. त्रुटी हा शब्द वाचून छातीत धस्स झालं, पण ती फक्त दुरुस्तीची सूचना असते. आयोगाच्या कार्यालयात जाऊन विचारलं, तिथल्या लिपिक बाईंनी कुठल्या क्रमाने लावायचं ते पेन्सिलने लिहून दिलं. सलग क्रमांक घालून, जॉबशीट नव्याने स्कॅन करून पुन्हा चढवलं, स्वीकारलं गेलं. कायद्यात प्रयोगशाळेची तपासणी लागत नसेल तर समोरच्या पक्षाला आयोगाची नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकालाचा प्रयत्न व्हावा असं आहे. प्रत्यक्षात जास्त काळ लागू शकतो, तेवढी मनाची तयारी केली होती.

दाखल केलेल्या तक्रारीची प्रत मी कंपनीलाही ईमेलने पाठवली होती. ९ मार्चला त्यांच्या विभागीय कार्यालयातून फोन आला. सूर वेगळा होता. "पुन्हा एकदा तपासणी करू का?" मी हो म्हटलं, पण ईमेलने कळवा असंही सांगितलं. १२ तारखेला वरिष्ठ तंत्रज्ञ आले. भिंगातून कडा बघितल्या, खालच्या पट्टीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "मार कुठेच नाही." नव्या जॉबशीटवर त्यांनी तेच लिहिलं. माझे डोळे भरून आले होते, मी आत जाऊन चहा टाकला.

१७ मार्चला पॅनल आला. पलंगावर गादी, त्यावर धुतलेली चादर, चादरीवर फोमचा जाड तुकडा, त्यावर टीव्ही पालथा. दोघांनी मागचं झाकण काढलं, लहान लहान कनेक्टर नखाने उचलले, मुख्य बोर्ड आणि पॉवर बोर्ड जुन्यावरून नव्यावर आले. जवळजवळ दोन तास काम चाललं. बोर्ड काढण्याआधी त्यांनी प्रत्येक जोडणीचा फोटो काढला, ते बघून बरं वाटलं. सही करण्याआधी मी पुन्हा सगळ्या रंगांच्या पाट्या लावल्या, त्यांच्या समोर. जॉबशीटवर नव्या पॅनलचा सिरियल नंबर, "वॉरंटीत, विनामूल्य" हे शब्द आणि जुना पॅनल परत नेल्याची नोंद लिहून घेतली. नव्या पॅनलला पूर्ण वर्षाची वॉरंटी मागितली होती, ती मिळाली नाही. मूळ वॉरंटीचा उरलेला काळच लागू आहे.

कंपनीला तक्रार मागे घेतल्याचा कागद लगेच हवा होता. तो मी आधी दिला नाही. पॅनल बसल्यावर, समझोत्याचा ईमेल हाती आल्यावर ३० मार्चच्या तारखेला आयोगात पुरसीस दिली, म्हणजे वाद मिटल्याचं लेखी निवेदन. नुकसानभरपाईची मागणी मी सोडली. ती लढवावी का, यावर घरात मतं वेगळी होती. मला आप्पांच्या समोरचा पडदा नीट हवा होता, तो मिळाला होता.

लोक आता विचारतात, घ्यावा का एवढा मोठा टीव्ही? कमी दिसणारं माणूस घरात असेल तर नक्की घ्या, त्याला सोबत नेऊन, त्याच्या अंतरावर बसवून. फक्त सिनेमासाठी असेल आणि हॉलमध्ये ऊन येत असेल तर मिनी एलईडी बघा. दिवसभर बातम्या चालणाऱ्या घरात ओलेड नको.

आमची वॉरंटी ३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. कंपनीची वाढीव वॉरंटी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात घेणार आहे, पॅनल त्यात धरला आहे ना, हे लेखी विचारून. आणि त्याआधी एकदा पाचही रंगांच्या पाट्या लावून पडदा कडेपासून कडेपर्यंत तपासणार आहे.